कांजूर-भांडुपमधले तीन सेकंद

ताई, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मी लोकलचा मोटरमन आहे. वय ४७, राहायला विक्रोळीत. गेल्या नोव्हेंबरात सकाळी अकराच्या सुमारास डाउन फास्ट घेऊन कल्याणला चाललो होतो. कांजूर मागे पडलं होतं, भांडुप यायचं होतं. शेजारून उलट दिशेने अप फास्ट गेली आणि तिच्या शेवटच्या डब्यामागून एक मुलगा रुळांत आला. कानात इअरफोन. अंतर फार तर ६० मीटर. हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला. त्याने मान वळवलीसुद्धा नाही. वीस-बावीसचा असेल, माझ्या मुलाएवढा.

चौकशी झाली, माझ्यावर ठपका नाही. २२ वर्षांतली ही माझी चौथी रनओव्हर, गाडीखाली माणूस येण्याची. आधीच्या तीन कशातरी पचवल्या, ही पचत नाही. दोन सेकंद आधी हॉर्न दिला असता तर, हे डोक्यातून जात नाही. रोज रात्री गुडघे टेकून क्षमा मागतो. क्षमा झाल्यासारखं वाटतच नाही. सात महिने चर्चमधलं प्रभुभोजन, ती भाकर आणि प्याला, घेतलेलं नाही. जो अयोग्य रीतीने घेईल तो दोषी, असं बायबलात प्रेषित पौलाने लिहिलंय, आणि माझ्या हाताला तर रक्त आहे. ताट फिरायला लागलं की मी व्हरांड्यात जाऊन उभा राहतो. मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, काहीतरी लपलेलं पाप असेल, नाहीतर तो तुमच्याच गाडीखाली का यावा? तेव्हापासून सगळं आयुष्य उसवून बघतोय. वाटतं, त्या मुलाचं घर शोधावं आणि त्याच्या आईच्या पाया पडावं.

एक गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही. गाडी थांबली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो 'आता बारा मिनिटं लेट'. समोर माणूस गेला होता आणि मी मिनिटं मोजत होतो. असा माणूस ख्रिस्ती कसला?

घरीही बिनसलंय. मुलगा इअरफोन लावून बाहेर निघाला होता. मी ते ओढून काढले आणि चपलेखाली चिरडले. तीन महिने झाले, आमचं बोलणं नाही.

– एक मोटरमन

*

भाऊ, सलाम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. समासात एक हिशेब मांडला, तो आधी सांगते, कारण तुमचा सगळा जन्म मिनिटा-सेकंदांत गेलाय. गाडी ताशी ८० ने धावत असेल तर एका सेकंदाला साधारण २२ मीटर जाते. मुलगा दिसला तेव्हा अंतर ६० मीटर. म्हणजे पुरते तीन सेकंदही तुमच्या हातात नव्हते. तेवढ्यात डोळ्यांनी पाहिलं, हात हॉर्नवर गेला, ब्रेक लागला. आणि बारा डब्यांचं ते धूड इमर्जन्सी लावूनही काही शे मीटर पुढे गेल्याशिवाय थांबत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं? राहिले ते दोन सेकंद. दोन सेकंद आधी तो मुलगा अप गाडीच्या पलीकडे होता. जो दिसतच नव्हता त्याला हॉर्न द्यायचा कसा?

आता पेन्सिल खाली ठेवते. हिशेबाने झोप येत असती तर चौकशीचा कागद हातात पडला त्याच रात्री आली असती.

तुमचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. सात महिने क्षमा मागूनही क्षमा झाल्यासारखं का वाटत नाही? मी ३१ वर्षं नर्स होते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच सुचतात. दवाखान्यात रोज एक तरी माणूस असा असायचा की दीड-दोन तास रांगेत उभा राहून खिडकीशी पोचायचा आणि आतला क्लार्क म्हणायचा, "औषधं इथे नाही हो, पलीकडच्या खिडकीवर." माणूस प्रामाणिक, रांगही खरी, खिडकीसुद्धा उघडी. फक्त त्याला हवं होतं ते तिथे मिळत नव्हतं. भाऊ, तुम्ही सात महिने क्षमेच्या खिडकीवर उभे आहात आणि तुमच्या हातातल्या कागदावर लिहिलंय दुःख. क्षमा पापाची होते. दुःखाची कोण क्षमा करणार? त्याला सांत्वन लागतं, आणि ते तुम्ही एकदाही मागितलेलं नाही. पत्रात क्षमा हा शब्द आहे, दोषी आहे, रक्त आहे. 'मला फार वाईट वाटतंय' हे साधं वाक्य चार पानांत कुठेही नाही. (पत्र लांब होतं, इथे थोडक्यात छापलंय.)

आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला. अजून थोड्या वेळाने त्याला हाक मारून जिवंत बाहेर बोलावणार आहोत हे माहीत असूनही रडला. ते अश्रू कसल्या पश्चात्तापाचे होते असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. मग तुमच्या डोळ्यांत पाणी आलं की त्याला लगेच पापाचं लेबल का लावायचं?

माझा एक अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. दोष स्वतःकडे घेतला की माणसाला एक विचित्र आधार मिळतो. 'माझ्यामुळे झालं' म्हटलं की निदान कोणाच्या तरी हातात काहीतरी होतं असं वाटतं. कोणाच्याच हातात काही नव्हतं, एक कोवळा मुलगा तीन सेकंदांत गेला आणि सकाळचे अकरा वाजले होते, एवढंच, हे सोसायला फार जड. म्हणून मन दोष उचलून घेतं.

आता शास्त्राकडे येते, कारण तुम्ही शास्त्राच्या आधारानेच स्वतःला शिक्षा करत आहात. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा १९ वा अध्याय काढा. तिथे एक माणूस शेजाऱ्याबरोबर रानात लाकडं तोडायला गेलाय. तो कुऱ्हाड उगारतो, पातं दांड्यातून निसटतं, शेजाऱ्याला लागतं आणि शेजारी मरतो. मनात वैर नव्हतं. अवजार हातातलं, घाव मात्र आपल्या हातचा राहिलेला नाही. मोशेच्या काळात लोकल नव्हती, पण हा माणूस तुमच्या कॅबमध्ये बसू शकला असता.

नियमशास्त्र त्याला काय सांगतं? तू खुनी आहेस असं म्हणत नाही. काही झालंच नाही, जा घरी, असंही म्हणत नाही. त्याच्यासाठी शहरं राखून ठेवलेली आहेत. 'यहोशवा' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात त्यांची नावं आहेत: केदेश, शखेम, हेब्रोन, बेसेर, रामोथ आणि गोलान. यार्देन नदीच्या या बाजूला तीन, त्या बाजूला तीन, म्हणजे कुठूनही पळत निघालं तरी जवळचं एखादं गाठता यावं. तिथे जाणारे रस्तेसुद्धा तयार ठेवायला सांगितलंय. आपल्या बायबलात त्यांना शरणपुरं म्हणतात. नाशिकचा शरणपूर रोड ज्याला माहीत आहे त्याने हा शब्द रिक्षावाल्याच्या तोंडूनही ऐकलेला असतो. एकोणिसाव्या शतकात मिशनरींनी तिथे वस्ती वसवली आणि गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे आसऱ्याला होती. नाव ठेवणाऱ्यांनी शास्त्र नीट वाचलेलं होतं, एवढंच म्हणते.

त्याच एकोणिसाव्या अध्यायातलं दहावं वचन सावकाश वाचा. शरणपुरं का हवीत, तर देशात निर्दोष रक्त सांडू नये म्हणून. हे निर्दोष रक्त कोणाचं? त्या कुऱ्हाडवाल्याचं. ज्याच्या हातून माणूस गेला, त्याच्या रक्ताला शास्त्र निर्दोष म्हणतं. तुम्ही मात्र स्वतःला त्याहून कडक कायदा लावून बसलाय.

'गणना' या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या त्या वडीलधाऱ्यांनी वाचायला हवी. अशा माणसाला मेलेल्याचा सूड घेणाऱ्याच्या हातून सोडवायचं आणि शरणपुरात पोचवायचं काम कोणाकडे दिलंय? मंडळीकडे. शब्दही तोच आहे, मंडळी. तिने मध्ये उभं राहायचं, माणूस धापा टाकत आला तर त्याच्यासाठी वेस उघडायची. लपलेलं पाप हुडकत बसणं हे तिचं काम नव्हे. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं येशूने लोकांना विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं: नाही. लूक, अध्याय १३. मुंबईच्या लोकल रुळांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जातात. गाड्या कोणीतरी चालवत असतंच. त्या प्रत्येक मोटरमनच्या घरी लपलेलं पाप असेल तर मग मोटरमनच्या एकाही लॉबीत ड्युटीची हजेरी लावायला माणूस उरणार नाही.

शरणपुरातला माणूस घरी कधी जाऊ शकायचा? त्या वेळचा मुख्य याजक, म्हणजे प्रमुख पुजारी, मरण पावला की. तोवर वेशीच्या आत, मग आपल्या गावी, आपल्या शेतावर, उजळ माथ्याने. याजकाच्या मरणाने तो का सुटतो, याचं कारण तिथे लिहिलेलं नाही. पण इब्री लोकांस पत्रात येशूला आपला मुख्य याजक म्हटलंय, आणि आपण आश्रयाला धावलेले लोक आहोत असंही म्हटलंय. आपल्या वाडवडिलांनी ही दोन टोकं जोडली, मलाही ती जोडलेली बरी वाटतात. मुख्य याजक मेला, भाऊ. दर शुभ शुक्रवारी, गुड फ्रायडेला, आपण हेच तर ऐकतो. तुम्ही अजून वेशीच्या आत बसून कशाची वाट बघताय?

आता 'बारा मिनिटं लेट'. चार पानांतली हीच ओळ मला सगळ्यात जड वाटली, आणि तुम्ही ती शेवटाकडे, बारीक अक्षरात लिहिली आहे.

माझी रात्रपाळी सकाळी आठला सुटायची. एकदा आठला दहा कमी असताना खिडकीजवळच्या कॉटवरची एक बाई गेली. अकरा दिवस माझ्याकडे होती, मला पोरी म्हणायची. आणि माझ्या मनात पहिला विचार आला, आठ-वीसची गाडी गेली. तिचे डोळे मिटले, हनुवटीखालून पट्टी बांधली, चेहरा ओल्या कापडाने पुसला, केसपेपरवर वेळ लिहिली ७.५०, आणि हे सगळं करताना मला स्वतःची किळस येत होती. बरीच वर्षं ते कोणाला बोलले नाही. शेवटी आमच्या वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टरला सांगितलं. ती कापसाचे बोळे करत होती, मान वर न करता म्हणाली, "चुलीवरचं पातेलं उतरवताना हाताला लागेल ते फडकं धरतेस ना? मनाचंही तसंच. चटका बसायच्या आत जे ओळखीचं सापडेल ते धरतं." मग म्हणाली, "आणि तेव्हा हात काय करत होते तुझे?"

तोच प्रश्न तुम्हाला. मनात बारा मिनिटं चालू होती तेव्हा तुमचे हात काय करत होते? गार्डला कळवत होते, पुढच्या स्टेशनला कळवत होते. मागे काही हजार माणसं होती, ती जागच्या जागी सुखरूप उभी होती. २२ वर्षं ज्या मनाला वेळ पाळायला शिकवलंय ते भीतीच्या क्षणी घड्याळच धरणार. याला पाप म्हणू नका. बायकोला मात्र सांगा. मला लिहून पाठवता येतं तर तिला चहा पिताना सांगता येईल.

प्रभुभोजनाचं थोडक्यात सांगते. करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय एकविसाव्या वचनापासून वाचा, म्हणजे पौल कोणावर चिडलाय ते कळेल. एकत्र जेवणात काही जण आधी येऊन खाऊन-पिऊन तर्र व्हायचे आणि गरीब भाऊबंद उपाशी राहायचे. अयोग्य रीतीने म्हणतो ती ही रीत. रीत अयोग्य असण्याबद्दल तो बोलतोय, योग्य माणसांची यादी करत नाही. ती केली असती तर पाळकसाहेबांनाही व्हरांड्यातच उभं राहावं लागलं असतं. अठ्ठाविसाव्या वचनात काय आहे? माणसाने स्वतःची परीक्षा करावी, आणि मग भाकर खावी. परीक्षा करून उठून जावं असं नाही लिहिलेलं. तुमची परीक्षा सात महिने चालली आहे. पुष्कळ झाली.

त्या मुलाच्या घरी जाऊ नका. तुमचा हेतू चांगला आहे, मला शंका नाही. पण जरा त्या माउलीच्या दारात उभे राहून बघा. ती एक अनोळखी माणूस पाहील, तो पायाशी वाकेल, रडेल, आणि मग त्याला उठवून 'तुमचा दोष नाही' म्हणण्याचं ओझं तिच्यावर पडेल. मुलगा तिचा गेलाय, धीर तिने द्यायचा? त्याऐवजी त्या घरासाठी रोज प्रार्थना करा. आजपर्यंत तुमची प्रार्थना सगळी स्वतःबद्दल झाली, हे बोलायला कठोर वाटतं, पण अपराधी भावनेचा हा एक गुणधर्मच आहे, ती दुसऱ्याकडे बघूच देत नाही. आणि त्या मुलालाही मनात दोष देऊ नका. पूल लांब असतो, कामाची घाई असते, लहानपणापासून सगळ्यांना तसंच रूळ ओलांडताना पाहिलेलं असतं.

एक गोष्ट नर्स म्हणून, आणि ही ऐकाच. झोप लागत नाही, तो आवाज पुन्हा पुन्हा कानात येतो, कांजूर आलं की तळहात ओले होतात, असं तुम्ही लिहिलंय. असं महिनाभराहून जास्त चाललं तर नुसती प्रार्थना वाढवू नका, डॉक्टरही गाठा. आघातानंतर मन असं अडकतं हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे आणि त्यावर उपचार आहेत. रेल्वेच्या दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञाची वेळ मागा. नोकरीवर परिणाम होईल या भीतीने टाळत असाल तर आधी सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत. आणि कधी असं मनात आलं की आपणच नसलो तर बरं, तर त्या दिवशी माझ्या उत्तराची वाट बघू नका, बायकोला उठवा आणि तोच नंबर लावा. डॉक्टर लूक पौलाबरोबर फिरत होता. पौलाला त्याची लाज वाटली नाही.

राहता राहिले इअरफोन.

सात महिने आयुष्य उसवून तुम्ही पाप शोधलंत आणि जे खरोखर चुकलं ते पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकलंत. मुलाच्या कानातून वस्तू ओढून चिरडलीत, ही तुमची चूक. ती का झाली ते मला कळतं, त्याला कळत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलंच नाही. आणि बघा, ही चूक त्या दुसऱ्या ओझ्यासारखी धुक्यातली नाही. हिला पत्ता आहे: तुमचंच घर, आतली खोली. हिची माफी मागता येते, आणि ती मिळूही शकते.

त्याला बसवून भाषण देऊ नका. रेल्वे सुरक्षेवर तर मुळीच नाही. तो दिवस सांगा, अप फास्टच्या मागून काय आलं ते सांगा, त्याचं वय तुझ्याएवढं होतं हे सांगा. तुम्ही रडलात तर रडा. मग म्हणा, "तुझे इअरफोन मी तोडले, चुकलं माझं." पुढे 'पण' लावायचा नाही.

पहिल्या रविवारी भोजन असेल तर त्याच्या आधीच हे करा. शक्य असेल तर त्यालाच बरोबर घेऊन चर्चला जा, आणि ताट आलं की जागेवर बसून राहा. व्हरांड्याकडे पाय वळायला लागले तर तो शेजारी असेल.

नवे इअरफोन घ्यायचे ते मात्र त्याला विचारून घ्या. स्टेशनबाहेरचे दीडशे रुपयांचे आणाल तर पुन्हा अबोला.

तुमची,
ताई